काचेतलं तण आणि चिमूटभर मोरचूद

मंडळी, बऱ्याच वीकेंडनंतर लिहायला बसलोय. विषय जरा विचित्र आहे: खाऱ्या पाण्याच्या फिशटँकमधलं शेवाळ. "आम्हाला काय त्याचं?" म्हणून पान बंद करू नका. यात इतिहास आहे, थोडी शेती आहे आणि माझ्या हातून झालेला एक मूर्खपणाही आहे.

आमचं गाव काष्टी. नगर जिल्हा (आता अहिल्यानगर), तालुका श्रीगोंदा. दौंडहून नगरकडे निघालात की भीमा ओलांडल्यावर लागतं ते. शनिवारी जनावरांचा मोठा बाजार भरतो, आजूबाजूला ऊस आणि लिंबाच्या बागा. समुद्र रस्त्याने दोनशे किलोमीटरहून लांब. आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी समुद्रातला मासा जिवंत पाहिला तो शाळेच्या सहलीत, मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात. मरीन ड्राइव्हवरचं हे मत्स्यालय १९५१चं. तिथल्या काचेला नाक लावून उभं राहिल्याचं मला अजून आठवतं. पुढे पुण्यात नोकरी लागली, हातात पैसे आले आणि २०१८मध्ये मी दोनशे लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक घेतला. दोन क्लाउनफिश, एक शेवाळ खाणारी ब्लेनी, डझनभर समुद्री गोगलगायी, शंखात राहणारे पाच खेकडे आणि एक क्लीनर कोळंबी. खरे प्रवाळ नाहीत. दगडी प्रवाळ आपल्याकडे २००१पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. त्यामुळे माझा 'रीफ' म्हणजे चुनखडीचे सच्छिद्र दगड रचून केलेला देखावा.

२०२०च्या जूनमध्ये वर्क फ्रॉम होम लांबणार हे कळलं. ई-पास काढला आणि टँकसकट काष्टीला गेलो. मासे झाकणाच्या बादल्यांत, दगड ओल्या गोणपाटात. आईने कपाळावर हात मारला. चुलते, म्हणजे आमचे तात्या, बराच वेळ टँककडे बघत राहिले आणि म्हणाले, "खारं पाणी इकत आणतोस व्हय? आमी तर खारं पाणी जाऊन गोडं यावं म्हणून देव पाण्यात घालतो."

पहिले काही महिने बरे गेले. मग दगडांवर तपकिरी पावडर बसली. ती गेली तर हिरवे केस उगवले, आणि २०२१च्या एप्रिलपर्यंत दगड दिसेनासे झाले. गवताची पेंढी पाण्यात टाकल्यासारखं दृश्य.

इंजिनिअर माणूस अशा वेळी काय करतो? आधी शोधतो की हा बग आपल्या आधी कुणाला आला होता. आला होता. तोही पावणेदोनशे वर्षांपूर्वी.

लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. १८४९मध्ये त्यांनी काचेच्या मोठ्या भांड्यात पाणी घेतलं, दोन गोल्डफिश सोडले आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली. माशाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड वनस्पतीने घ्यायचा आणि वनस्पतीने सोडलेला ऑक्सिजन माशाने, असा हिशेब. कागदावर एकदम चोख. पण काही दिवसांत वनस्पतीची जुनी पानं कुजायला लागली, पाणी गढूळ झालं आणि काचेवर हिरवा बुळबुळीत थर चढला. वॉरिंग्टननी कुठलंही रसायन टाकलं नाही. तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं आणि बुळबुळ दोन्ही खाल्लं, त्यांची अंडी माशांनी खाल्ली आणि भांडं स्वच्छ झालं. १८५०च्या मार्चमध्ये त्यांनी हे केमिकल सोसायटीपुढे मांडलं. फिशटँक या कल्पनेचा जन्म साधारण इथला मानतात. म्हणजे टँक आणि टँकमधलं शेवाळ यांचा वाढदिवस जवळपास एकच! पुढे समुद्राच्या पाण्यावर प्रयोग करतानाही त्यांनी हिरवं समुद्री शेवाळ मुद्दाम लावलं आणि कुजणारा भाग खायला पेरिविंकल जातीचे शंख सोडले.

त्याच सुमाराची आणखी एक लंडनची बाई मला फार आवडते. ॲना थिन. १८४६मध्ये तिने समुद्रातले जिवंत प्रवाळ घरी आणले. पंप नव्हताच. पाण्यात हवा मिसळावी म्हणून खिडकीशी उभं राहून पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राहायचं. हे काम अर्थातच घरच्या मोलकरणीकडे. वर्षभराने तिने भांड्यात समुद्री शेवाळही घातलं. म्हणजे आपण ज्याला शत्रू म्हणतो त्यालाच तिने कामाला लावलं.

१८५३मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडलं, १८५४मध्ये फिलिप गॉस यांचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि इंग्लंडभर काचेच्या टाक्यांची लाट आली. हौशी लोकांनी टाक्या खिडकीत, भर उजेडात ठेवल्या. थोड्याच दिवसांत पाणी हिरवं. काही वर्षांत लाट ओसरलीसुद्धा. (नवा छंद, सहा महिन्यांनी टँक बाल्कनीत पालथा. काही गोष्टी बदलत नाहीत.)

हे कोडं नीट सोडवलं विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी. १८७१मध्ये त्यांनी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मत्स्यालय उभारलं. प्रेक्षकांना दिसणाऱ्या टाक्यांच्या खाली त्यांनी त्याहून कितीतरी मोठा हौद ठेवला, तोही पूर्ण अंधारात. पंपाने पाणी सतत खाली-वर फिरत राहायचं. अंधारात शेवाळ वाढत नाही आणि पाण्याचा साठा मोठा असल्याने घाण एका जागी साचत नाही. आजच्या टँकखालच्या कपाटात जो 'संप' असतो, त्याचे पणजोबा म्हणजे हा हौद. नेपल्सच्या प्रसिद्ध मत्स्यालयातही लॉइड यांचीच पद्धत वापरली गेली.

हे वाचून मीही तीन दिवस टँकवर चादर टाकली. केस थोडे विरळ झाले. दिवा लावल्यावर आठवड्याभरात पुन्हा तेवढेच. सर्व्हर रीस्टार्ट केल्यासारखं: लक्षण गेलं, कारण तिथेच.

आता येतो माझा मूर्खपणा.

आमच्याकडे लिंबाला आणि डाळिंबाला बोर्डो मिश्रण फवारतात. मोरचूद आणि चुना. याचाही इतिहास गमतीदार आहे. १८८२मध्ये फ्रान्सच्या बोर्डो भागात पिएर मिलार्डे या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर केवडा रोग नाही. चौकशी केली तर कळलं की वाटसरूंनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून शेतकऱ्यांनी वेलींवर निळसर किळसवाणं काहीतरी शिंपडलं होतं. मोरचूद आणि चुनाच तो. १८८५पर्यंत त्याचं शास्त्रशुद्ध औषध झालं. पुढे १९०४मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या मूर आणि केलरमन या दोघांनी दाखवलं की अगदी थोड्या मोरचुदाने पिण्याच्या पाण्याच्या तलावातलं शेवाळ मरतं. मग लोक मोरचूद पोत्यात भरून होडीमागे बांधत आणि तलावभर ओढत फिरत.

शेततळ्यातल्या शेवाळावर मोरचूद टाकलेला मी लहानपणापासून पाहिलाय. तात्यांच्या शेडमध्ये पुडी होतीच. एका रात्री बारा वाजता, कॉल संपल्यावर, वैतागून एक चिमूट टाकली. फार तर अर्धा ग्रॅम.

सकाळी बाराच्या बारा गोगलगायी तळाशी उताण्या होत्या. खेकडे शंखाबाहेर येऊन पडले होते. कोळंबी पांढरी झाली होती. मासे कोपऱ्यात धापा टाकत होते.

हिशेब मी नंतर केला, जो आधी करायला हवा होता. मोरचुदात साधारण पाव भाग तांबं असतं. अर्धा ग्रॅम दोनशे लिटरमध्ये म्हणजे लिटरला ०.६ मिलिग्रॅमच्या आसपास. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध देतात, त्याच्या जवळपास तिप्पट. मासे थोडं तांबं सोसतात. गोगलगायी, खेकडे, कोळंबी, प्रवाळ यांना तेवढंही चालत नाही. शिवाय चुनखडीचे दगड तांबं धरून ठेवतात आणि महिनोन् महिने हळूहळू सोडत राहतात. म्हणजे पाणी बदलूनही सुटका नाही. सगळे दगड आणि वाळू फेकावी लागली. आणि गंमत बघा, जे शेवाळ खात होते तेच मी मारले. शेवाळ मात्र आठवड्याभरात पुन्हा डोकं वर काढत होतं.

तात्यांना सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं, पण ते नुसतं म्हणाले, "आरं, खत पडल्याबिगर तण उगवत न्हाई. खत कुठनं येतंय ते बघितलंस का?"

बघितलं नव्हतं.

हे तात्यांचं वाक्य शास्त्राच्या भाषेत १८४०च्या सुमारास युस्टुस फॉन लीबिख यांनी गाजवलं. त्यांच्याआधी १८२८मध्ये कार्ल श्प्रेंगेल यांनी ते मांडलं होतं. वाढ कुठे थांबते? जे पोषक द्रव्य सर्वांत कमी पडतं तिथे. पाण्याच्या बाबतीत याचा सर्वांत देखणा पुरावा १९७३मध्ये कॅनडात मिळाला. डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी ओंटारिओतल्या 'लेक २२६' या तळ्याच्या मधोमध पडदा लावला. एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन घातला. दुसऱ्या बाजूला कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस. पहिली बाजू जशीच्या तशी राहिली, दुसरी हिरवीगार झाली. विमानातून काढलेल्या त्या फोटोने धुण्याच्या पावडरीतल्या फॉस्फेटवरच्या वादात मोठं काम केलं.

मग मी तेच केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं: नीट ओळख. प्रत्येक शेवाळ वेगळं असतं आणि प्रत्येकाचा पत्ताही वेगळा. मला कळलं ते थोडक्यात देतो, कुणाच्या उपयोगी पडेल.

तपकिरी पावडर, बोटाने सहज पुसली जाणारी: हे डायटम. त्यांना कवच बांधायला सिलिका लागते. नव्या टँकमध्ये येतात आणि सिलिका संपली की आपोआप जातात. हिरवे केस, उपटले तर मुठीत येणारे: नायट्रेट आणि फॉस्फेट जास्त झालंय. नेच्यासारखी बारीक पिसं: ब्रायॉप्सिस, महाचिवट. २०१६-१७च्या सुमारास हौशी लोकांनीच शोधलं की फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध त्याच्यावर चालतं. हिरवे काचेच्या गोट्यांसारखे फुगे: व्हॅलोनिया, टँकमध्ये फोडू नका, अख्खे काढा. लालसर-जांभळी साय, जी चादरीसारखी सोलून निघते: हे शेवाळच नाही, सायनोबॅक्टेरिया आहेत. साचलेली घाण आणि मंद प्रवाह त्यांना आवडतो. अँटिबायोटिकने मरतात, पण त्यासोबत टँकमधले उपयोगी जीवाणूही मरू शकतात. तपकिरी, शेंबडासारखे धागे आणि त्यात अडकलेले बुडबुडे: डायनोफ्लॅजेलेट. इथे मात्र गणित उलटं. नायट्रेट-फॉस्फेट अगदी शून्यावर आणलं की बऱ्याचदा हेच येतात, आणि उपाय म्हणून पोषण थोडं वाढवावं लागतं. आणि दगडावर गुलाबी कडक थर दिसला तर पेढे वाटा. ते कोरलाइन शेवाळ, टँक बरा चालल्याचं लक्षण.

आता माझ्या टँकची कुंडली बघा. पुण्यात मी आरओ-डीआय फिल्टरचं पाणी वापरायचो. काष्टीला तो फिल्टर नेलाच नव्हता. नगरच्या उन्हाळ्यात टँकवर पंखा लावलेला, रोज तीन-चार लिटर पाणी उडून जायचं आणि त्या जागी मी बोअरचं पाणी ओतायचो. पाण्याची वाफ होते, त्यातले क्षार मात्र मागे राहतात. रोज थोडे, महिनोन् महिने. आमच्या बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून येतं, म्हणजे त्यात सिलिका. म्हणून आधी डायटम. बोअरच्या चारी बाजूंना ऊस, उसाला युरिया, म्हणजे पाण्यात नायट्रेट. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट आपलं भारतीय मानक चालवून घेतं. टेस्ट किटमध्ये बोअरच्या पाण्याचा रंग त्या खुणेच्या पुढे गेला. उरला फॉस्फरस. तो मी स्वतः घालत होतो. लॉकडाउनमध्ये करमत नव्हतं म्हणून दिवसातून चारदा खाणं टाकायचो. माशांच्या खाण्यात फॉस्फरस भरपूर.

थोडक्यात, तात्या शेतात जे घालत होते ते बोअरमधून माझ्या टँकमध्ये येत होतं आणि उरलेलं मी वरून घालत होतो. आणि तेच बोअरचं पाणी घरात सगळे पीत होते! शेवाळाच्या नादात ही गोष्ट कळली. त्या आठवड्यात घरी पिण्याच्या पाण्याचा आरओ बसवला. एवढ्या सगळ्या प्रकारातलं माझं एकमेव शहाणपणाचं काम.

दुसऱ्यांदा टँक लावला तो जुन्या लोकांचं ऐकून. १९६१मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी जगाला सांगितलं की समुद्रातले जिवंत दगड, हवेचे बुडबुडे आणि उजेड एवढ्यावर टँक चालतो. दगडातले सूक्ष्मजीव साफसफाई करतात. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी त्याला स्किमरची जोड दिली. स्किमर म्हणजे फेस करून त्यासोबत घाण बाहेर काढणारं यंत्र. उसाच्या रसाला उकळी आली की आपण मळी काढतो ना, तसंच काहीसं. आणि १९८०च्या सुमारास वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये वॉल्टर एडी यांनी प्रवाळांच्या मोठ्या टँकला शेवाळाचाच गाळणा लावला. वेगळ्या ट्रेमध्ये, दिव्याखाली शेवाळ मुद्दाम वाढवायचं आणि दर काही दिवसांनी खरवडून फेकायचं. जे खत तिथे संपतं ते टँकमध्ये उरत नाही. थिनबाईंची आयडिया, नव्या रूपात.

माझ्या टँकखाली आता एका डब्यात किटोमॉर्फा नावाचं शेवाळ वाढतं. महिन्याला मूठभर कापतो. तात्या त्याला "खुरपणी" म्हणतात. खाणं दिवसातून एकदा. पाणी फक्त आरओ-डीआयचं. नव्या गोगलगायी सोडल्या, पण नव्या दगडांवर आणि तांब्याची टेस्ट शून्य आल्यावरच. केस जायला साडेतीन महिने लागले. शॉर्टकट नव्हता.

गोगलगायी किती महत्त्वाच्या, हे समुद्राने फार मोठ्या प्रमाणावर दाखवलंय. जमैकात आधीच मासेमारीने शेवाळ खाणारे मासे संपत आले होते. उरली होती डायाडेमा ही काळी काटेरी समुद्री अर्चिन. १९८३-८४मध्ये साथीत ती जवळपास सगळी मेली. १९७७मध्ये तिथल्या खडकांवर ५२ टक्के प्रवाळ आणि ४ टक्के शेवाळ होतं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रवाळ ३ टक्के आणि शेवाळ ९२ टक्के. माझ्या टँकमध्ये एका रात्रीत झालं ते तिथे दहा-पंधरा वर्षांत झालं, आणि तिथे दगड फेकून नवे आणता येत नाहीत.

टँकमधली घाण बाहेर गेल्यावर काय होतं, याचीही गोष्ट आहे. कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे दिसायला सुंदर समुद्री शेवाळ युरोपातली मत्स्यालयं एकमेकांना भेट देत. १९८४मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाच्या खालच्या समुद्रात त्याचा एक चौरस मीटरभर तुकडा दिसला. पुढच्या काही वर्षांत ते फ्रान्स, इटली, स्पेनच्या किनाऱ्यांवर पसरलं. २०००मध्ये कॅलिफोर्नियातही सापडलं. तिथे ताडपत्रीखाली क्लोरीन सोडून ते संपवायला २००६ उजाडलं. म्हणून कापलेलं शेवाळ मी नाल्यात टाकत नाही, वाळवून कुंडीत घालतो. (तुळशीच्या नव्हे. मीठ!)

२०२२मध्ये ऑफिस परत सुरू झालं आणि टँक पुन्हा पुण्याला आला. दर दोन आठवड्यांनी वीस लिटर जुनं पाणी बाथरूममध्ये ओततो. मध्यंतरी शनिवारी गावी जाताना दौंडच्या पुढे भीमेच्या पुलावर गाडी थांबवली. खाली पाणी हिरवं, कडेला जलपर्णी. आणि डोक्यात नकाशा उलगडला. माझ्या बाथरूमचं पाणी मुठेत. मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते. भीमा दौंडवरून, म्हणजे आमच्या काष्टीच्या उशाशी, उजनीत. उजनी हिरवी का, याचं उत्तर माझ्या टँकने आधीच दिलं होतं. माझे वीस लिटर त्यात काहीच नाहीत. पण माझ्यासारखं शहर आहे, त्याचं सांडपाणी आहे, आणि दोन्ही काठांवर तात्यांसारखे ऊस लावणारे आहेत. तो टँक कुणाला रिकामा करून पुन्हा लावता येणार नाही.

तात्यांना हे फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "मग मोरचूद नको टाकू म्हंजी झालं." आणि हसले. मग थोडं थांबून म्हणाले, की यंदा खोडव्याला युरिया देण्याआधी मातीपरीक्षण करून घेतोय.

असो. दगडांवर गुलाबी ठिपके दिसायला लागलेत. पुढच्या शनिवारी बाजाराला जाईन तेव्हा तात्यांसाठी एक टेस्ट किट नेतोय. बोअर कसं आहे ते दर महिन्याला तेच बघणार म्हणाले.